जायबंदी खलाशी आणि भरपाईचा वाद : प्रस्तावना

मुंबईच्या उपनगरांचा आणि दर्यावरील नोकरीचा संबंध तो काय, असे पन्नास वर्षांपूर्वी कोणी विचारले असते, तर त्याला वेसाव्याच्या किंवा मढ-गोराईच्या कोळीवाड्याची वाट दाखवून मोकळे होता आले असते. कारण त्या काळी जहाजाच्या नोकरीचा सारा कारभार बॅलार्ड इस्टेटच्या दगडी इमारतींत आणि शिपिंग मास्तरांच्या कचेरीत चालत असे, आणि घाटकोपर-मुलुंडला राहणारा मनुष्य गिरणीत, कारखान्यात नाही तर सरकारी दप्तरात चाकरी करणारा असणार हे गृहीत धरले जाई. आता ती स्थिती राहिलेली नाही. भारतीय नौवहनाचे नियमन करणारे महासंचालनालय, ज्याला सारे दर्यावर्दी लोक 'डीजी शिपिंग' म्हणतात, ते बॅलार्ड इस्टेटमधील जहाज भवनातून उठून कांजूरमार्गला, म्हणजे घाटकोपर आणि मुलुंड यांच्या दरम्यान, येऊन स्थिरावले आहे. परदेशी मालकांसाठी माणसे भरणाऱ्या कित्येक एजंटांच्या कचेऱ्या अंधेरी-कुर्ला रस्त्यावरील काचेच्या इमारतींत आहेत. आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड या जिल्ह्यांतील ज्या घराण्यांचे आजे-पणजे सारंग, सुकाणी, तांडेल किंवा भंडारी म्हणून आगबोटींवर गेले, त्यांची नातवंडे बोरिवलीच्या आणि मुलुंडच्या सोसायट्यांत राहून, शेजाऱ्याने नोकरीविषयी पृच्छा केली असता, 'शिपिंगमध्ये आहे' एवढेच सांगून विषय संपवतात.

विषय संपत नाही तो निराळ्याच प्रसंगी. धडधाकट मनुष्य जहाजावर चढतो आणि करारनाम्याची मुदत भरण्यापूर्वीच, कंबरेचा मणका सरकलेला, अंगठा तुटलेला, हृदयाचा झटका येऊन गेलेला, किंवा इंजिनरूमच्या अखंड गर्जनेने कान बधिर झालेला असा परत येतो. हा जायबंदी खलाशी आताशा बंदरावर उतरत नाही, सहारच्या विमानतळावर उतरतो. वैद्यकीय कारणास्तव 'साइन ऑफ' झालेल्या माणसाला मालक जवळच्या बंदरातून विमानाने घरी धाडतो, आणि जहाज त्याच दिवशी, क्वचित त्याच तासाला, पुढच्या बंदराकडे निघून जाते. या एका गोष्टीत पुढील सर्व वादाचे बीज आहे, असे माझे मत आहे. मनुष्य अंधेरीला असतो. ज्या दोरखंडाने त्याला फटका मारला तो दोरखंड, ज्या शिडीवरून तो घसरला ती शिडी, ज्यांनी त्याला उचलले ते सोबती, ज्या वहीत कॅप्टनने त्या प्रसंगाची नोंद केली ती वही आणि ज्या पेटीतून त्याला गोळ्या दिल्या त्या पेटीचा हिशेब, हे सारे समुद्रावर असते. कारखान्यातील कामगार जखमी झाला तर त्याचे यंत्र दुसऱ्या दिवशीही भांडुपलाच असते आणि सोबत्यांची घरेही पायी जाण्याच्या अंतरावर असतात. खलाशाच्या बाबतीत मात्र फिर्यादी तेवढा मागे उरतो आणि पुरावा प्रतिपक्षाच्या मालकीच्या जहाजावर बसून जग फिरत राहतो.

जखमी नाविकाचा भार जहाजाने वाहावा, हे तत्त्व नवे नाही. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओलेरों बेटाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या मध्ययुगीन सागरी नियमांतच, जहाजाच्या सेवेत आजारी पडलेल्या नाविकाला किनाऱ्यावर उतरवून त्याच्या निवाऱ्याची व शुश्रूषेची तजवीज करण्याचे कर्तव्य कप्तानावर घातलेले आढळते. आपल्याकडे १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याच्या १७३ व्या कलमाने हाच धागा पुढे नेला: जहाजाच्या सेवेत इजा झाली किंवा स्वतःच्या दुर्वर्तनावाचून आजार जडला, तर औषधोपचाराचा, उदरनिर्वाहाचा आणि परत पाठवणीचा खर्च मालकाने पगारातून एक पैही न कापता सोसावा. तो कायदा आता जुना झाला असून त्याच्या जागी नवा कायदा संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये संमत केला. परंतु औषधोपचाराची जबाबदारी कोणाची, याविषयी पूर्वीही मोठा तंटा नव्हता आणि आजही नाही. तंटा आहे तो उपचार संपल्यावर जे शरीर उरते, त्याची किंमत कोणी, कशी आणि कोणत्या पुराव्यावर ठरवायची याविषयी.

त्या किमतीचा पहिला हिंदुस्थानी कायदा १९२३ चा. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या या कायद्याचे १५ वे कलम खास कप्तान आणि खलाशी यांच्यासाठी लिहिलेले आहे, आणि ज्यांनी ते लिहिले त्यांना जहाज निघून जाते ही गोष्ट पुरती ठाऊक होती असे त्यावरून दिसते. अपघाताची नोटीस थेट कप्तानावर, जणू तोच मालक आहे असे समजून, बजावता येते. अपघात आणि त्यातून आलेले अपंगत्व ही दोन्ही जहाजावरच घडली असतील, तर खलाशाने नोटीस देण्याचीही गरज नाही. आणि जहाजच माणसांसकट नाहीसे झाले तर वारसांना अर्ज करण्यासाठी अठरा महिन्यांची मुदत आहे. ही शेवटची तरतूद कोणाला अतिरंजित वाटू नये. गोव्याच्या मुरगाव बंदरातून लोहखनिज घेऊन १९७९ च्या जून महिन्याच्या अखेरीस निघालेले 'कैराली' हे जहाज एक्कावन्न माणसांसह नाहीसे झाले, आणि त्याचा मागमूस अद्याप लागलेला नाही.

परंतु कायद्याने नोटिशीची अट शिथिल केली, तरी पुराव्याची अट शिथिल केली नाही. इजा नोकरीच्या ओघात घडली आणि नोकरीमुळे घडली, या दोन्ही गोष्टी सिद्ध करण्याचा भार दाव्यास उभ्या राहणाऱ्यावरच राहिला. याचा अर्थ काय होतो, हे ज्या एका मुंबईच्या खटल्याने कायमचे अधोरेखित केले, त्याची हकीकत येथे थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे.

ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची 'द्वारका' ही आगबोट मुंबई, कराची आणि इराणी आखातातील बंदरे यांच्या दरम्यान वर्षानुवर्षे ये-जा करीत असे. मुंबईत तिचे एजंट मॅकिनन मॅकेन्झी हे होते. डिसेंबर १९६१ मध्ये, बोट अशाच एका फेरीवर असताना, डेकवर काम करणाऱ्या एका खलाशाने छातीत दुखत असल्याची तक्रार केली. वैद्यकीय नोंदवहीप्रमाणे त्याची तपासणी झाली, दोष काही आढळला नाही, गोळ्या दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी तो कामावर हजर झाला. पुढे त्याने पुन्हा छातीत दुखते आणि झोप येत नाही असे सांगितले. पुन्हा गोळ्या दिल्या. १६ तारखेच्या मध्यरात्रीनंतर, अडीचच्या सुमारास, तो ब्रिजजवळ दिसला, त्याला खाली परत धाडले. तीनच्या सुमारास तो मधल्या डेकवर दिसला आणि आपण निजायला जात आहोत असे त्याने पहाऱ्यावरील सोबत्यास सांगितले. सकाळी सव्वासहा वाजता तो नाहीसा झाल्याचे लक्षात आले. प्रेत मिळाले नाही. वृद्ध पित्याने मुंबईच्या कमिशनरपुढे अर्ज केला. मागणी होती ४,८१० रुपयांची.

कमिशनरांनी अर्ज फेटाळला: कठडा साडेतीन फुटांहून उंच होता, वादळ नव्हते, पडताना कोणी पाहिले नव्हते, आणि तो मेला हेदेखील सिद्ध झालेले नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने हा निर्णय फिरवला आणि पित्याला भरपाई मंजूर केली. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवून कमिशनरांचा हुकूम पुन्हा कायम केला. तो मरण पावला असे अनुमान करता येईल, पण तो नोकरीमुळे मरण पावला असे अनुमान करण्यास आधार नाही, कारण तो त्या वेळी कामावर होता, अमुक काम त्यास सांगितले होते, असे दाखवणारे काही नाही, हा त्या निर्णयाचा गाभा.

विधिशास्त्राच्या दृष्टीने हा निर्णय सदोष आहे असे म्हणण्याचे धाडस मी करीत नाही. भाराचे तत्त्व एकदा मान्य केले की निष्कर्ष जवळपास ओघानेच येतो. मात्र तो वाचताना एक गोष्ट वारंवार टोचत राहते. त्या खलाशाच्या अखेरच्या तीन दिवसांविषयी जे काही जगाला ठाऊक आहे, ते बहुतेक सारे जहाजाच्या दोन वह्यांतून आलेले आहे. त्या वह्या ज्यांनी लिहिल्या ते नोकरीस होते ज्यांच्याविरुद्ध दावा होता त्यांच्याच. आणि वहीत जे लिहिले गेले नाही, म्हणजे छातीच्या त्या दुखण्याचे स्वरूप, त्याला दिलेल्या कामाचा ताण, मधल्या रात्रींची जाग, ते न्यायालयासाठी घडलेच नव्हते. कोणी लबाडी केली असे येथे सुचवावयाचे नाही. नोंद करणारा अधिकारी प्रामाणिक असला तरी तो आपल्याला ज्याची गरज वाटते तेवढेच नोंदवतो, आणि आठ वर्षांनी दिल्लीच्या न्यायासनापुढे कोणत्या ओळीची गरज पडेल हे त्याला ठाऊक नसते.

'द्वारका'च्या त्या दाव्यानंतरच्या काळात कायद्याची दृष्टी काहीशी मऊ झाली, विशेषतः हृदयविकाराच्या प्रकरणांत, कामाचा ताण हा मृत्यूला वेग देणारा घटक ठरू शकतो असे न्यायालये मान्य करू लागली. परंतु ताण होता हे तरी कशावरून, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर पुन्हा जहाजावरील कामाच्या व विश्रांतीच्या तासांच्या तक्त्यात शोधावे लागते. हे तक्ते कसे भरले जातात हे ज्यांनी जहाजावर दिवस काढले आहेत त्यांना सांगायला नको. बंदरात शिरताना-निघताना सलग जागलेला माणूसही कागदावर नियमाप्रमाणे झोपलेला असतो, आणि त्याने स्वतःच त्यावर सही केलेली असते.

दुसरा मोठा वाद 'अपंगत्व' कशाला म्हणावे याचा. १९२३ च्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात अवयवांचा एक तक्ता आहे: हाताचा अंगठा गेला तर तीस टक्के, संपूर्ण तर्जनी गेली तर चौदा टक्के, एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असला तर चाळीस टक्के. तक्त्यात नसलेल्या इजेच्या बाबतीत कमाईची कुवत किती घटली हे डॉक्टराने ठरवायचे. परंतु पूर्ण अपंगत्वाची व्याख्या कायद्याने अवयवाशी बांधलेली नाही, कामाशी बांधलेली आहे: अपघातसमयी जे काम करण्यास तो समर्थ होता त्या सर्व कामास तो असमर्थ झाला की अपंगत्व पूर्ण झाले. डावा हात कोपराच्या वर गमावलेल्या एका सुताराच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या डिसेंबरात हेच सांगितले. एका हाताने सुतारकाम होत नाही, सबब त्याची हानी शंभर टक्के. हा निर्णय खलाशांच्या वकिलांना फार प्रिय आहे, आणि ते योग्यच आहे, कारण दर्यावरील नोकरीस लागणाऱ्या शारीरिक पात्रतेचा शिरस्ता किनाऱ्यावरील कोणत्याही सामान्य नोकरीपेक्षा कडक असतो. रक्तदाब, साखर, रंगदृष्टी, श्रवणशक्ती, सारे तपासून महासंचालनालयाच्या यादीवरील डॉक्टर जेव्हा 'फिट' म्हणून लिहितो तेव्हाच मनुष्य जहाजावर चढतो. ज्या दुखण्यासह घाटकोपरचा एखादा दुकानदार आणखी वीस वर्षे गल्ल्यावर बसेल, त्याच दुखण्याने खलाशाची नोकरी त्या दिवशी संपते.

आणि येथेच एक विलक्षण विसंगती दृष्टीस पडते. चढताना कठोर असणारा वैद्यकीय कागद उतरल्यावर एकाएकी उदार होतो. कंपनीने नेमलेला डॉक्टर काही आठवड्यांच्या उपचारांनंतर 'कामास योग्य' असा दाखला देतो, त्यामुळे आजारपणाचा पगार थांबतो आणि अपंगत्वाचा प्रश्न मिटला असे धरले जाते. परंतु तोच मनुष्य नव्या करारासाठी दुसऱ्या एजंटाकडे गेला, की मणक्यावरील शस्त्रक्रियेचा व्रण पाहून त्याला 'अनफिट' ठरवले जाते. एकाच शरीराविषयी एकाच ऋतूत परस्परविरुद्ध दोन दाखले निघतात आणि दोन्ही कागद त्याच्याच विरुद्ध जातात. तिसरी शक्यताही आहे: जुना मधुमेह किंवा रक्तदाब निघालाच, तर तो भरतीच्या वेळी हेतुपुरस्सर लपवला होता असा आक्षेप येतो, आणि ज्याविषयी पुढे सांगितले आहे त्या मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शननुसार हेतुपुरस्सर लपवलेला आजार मालकाच्या दायित्वातून वगळता येत असल्यामुळे, सारा दावाच डळमळतो. खलाशी कधी आजार लपवत नाहीत असे नव्हे. घरात हप्ते असलेला मनुष्य साखरेची गोळी बॅगेच्या तळाशी ठेवतो हे सर्वश्रुत आहे. तथापि ज्या तपासणीत तो आजार सहज सापडावा ती तपासणी खुद्द एजंटाने सांगितलेल्या दवाखान्यात झालेली असते, याचा विचार फार थोड्या कैफियतींत केलेला दिसतो.

आता रकमेविषयी. ज्याला कायद्याचाच आधार आहे, कराराचा नाही, त्याचे गणित असे: चाळीस वर्षे वयाच्या माणसाचा गुणक १८४.१७, पूर्ण अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या साठ टक्क्यांस त्याने गुणायचे, पण वेतन कितीही असले तरी ते जानेवारी २०२० पासून १५,००० रुपयांहून अधिक धरायचे नाही. म्हणजे ९,००० गुणिले १८४.१७, एकूण १६,५७,५३० रुपये. अंगठा तुटलेल्या त्याच वयाच्या माणसाला, तक्त्याचे तीस टक्के धरले तर, ४,९७,२५९ रुपये. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने निपुण खलाशाचे किमान मूळ वेतन २०२५ च्या आरंभापासून दरमहा ६७३ डॉलर ठरवले होते, जे रुपयांत पंचावन्न हजारांच्या वर जाते. ज्याची किमान कमाई पंचावन्न हजार, त्याचे नुकसान पंधरा हजारांच्या मापाने मोजायचे, ही तफावत कोणत्याही युक्तिवादाने सुसह्य होत नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात हा जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला; पण मर्यादा घालून मोजण्याची पद्धत तिथेही सुटलेली नाही.

म्हणूनच अनुभवी मनुष्य आधी करार पाहतो. नॅशनल युनियन ऑफ सीफेअरर्स ऑफ इंडिया ही सामान्य खलाशांची आणि मेरिटाइम युनियन ऑफ इंडिया ही अधिकाऱ्यांची संघटना मालकांशी जे सामूहिक करार करतात, आणि परदेशी निशाणाच्या जहाजांवर आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या छत्राखाली जे करार होतात, त्यांत अपंगत्वाचे डॉलरमधील स्वतंत्र तक्ते असतात, आणि ती रक्कम कायद्याच्या रकमेच्या कित्येक पट भरते. त्या आंतरराष्ट्रीय करारांत एक मोलाचे कलम आहे: अपंगत्व पन्नास टक्के किंवा अधिक ठरले, तर तो सागरी सेवेस कायमचा अपात्र समजून पूर्ण रक्कम द्यायची, आणि कंपनीचा डॉक्टर व खलाशाचा डॉक्टर यांत मतभेद झाला, तर दोन्ही पक्षांच्या संमतीने तिसरा नेमून त्याचा निर्णय अंतिम मानायचा. ज्याच्या करारात हे कलम नाही त्याने ते का नाही असे विचारण्याची वेळ सही करण्यापूर्वीची असते.

दावा कोणावर करायचा, हाही साधा प्रश्न राहिलेला नाही. जहाजाचे निशाण पनामाचे, लायबेरियाचे किंवा मार्शल बेटांचे, कागदोपत्री मालक एक अशी कंपनी, जिची मालमत्ता ते एकच जहाज, व्यवस्थापक सिंगापूरला, विमा उतरवणारा 'पी अँड आय क्लब' लंडनला किंवा नॉर्वेत, आणि मुलुंडच्या माणसाला दिसतो तो अंधेरीतील एजंट, जो सभ्यपणे सांगतो की आम्ही केवळ मध्यस्थ. या उत्तराने पुष्कळ लोक दारातूनच परत फिरतात, आणि ते अकारण फिरतात. भरतीच्या नियमांनी, २००५ च्या आणि नंतर २०१६ च्या, एजंटाला परवाना आणि बँक हमी यांनी बांधले आहे. जुन्या कायद्याप्रमाणे परदेशात घडलेल्या अपघाताचा अर्ज मालकाच्या किंवा एजंटाच्या व्यवसायस्थानाच्या कमिशनरपुढे चालतो, आणि १९९५ च्या दुरुस्तीनंतर अर्जदाराच्या राहत्या जागीही. ते जहाज कधी भारतीय बंदरात आले, तर २०१७ च्या नौअधिकारिता कायद्याखाली उच्च न्यायालयाच्या हुकमाने त्याला अटकवताही येते; खलाशाचे वेतन व देणे आणि शारीरिक इजेचा दावा हे जहाजावरील पहिल्या दोन क्रमांकांचे बोजे आहेत. शारीरिक इजेचा बोजा मात्र एका वर्षात विरतो, आणि वर्ष दवाखान्यांच्या फेऱ्यांतच निघून जाते.

मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन या नावाने ओळखला जाणारा आंतरराष्ट्रीय करार २००६ साली जिनीव्हात मंजूर झाला, २०१३ च्या ऑगस्टमध्ये अमलात आला, आणि भारताने ऑक्टोबर २०१५ मध्ये तो स्वीकारला. त्यानुसार इजा झाल्यापासून किमान सोळा आठवडे उपचार व वेतन यांचे दायित्व मालकावर आहे. जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने दीर्घकालीन अपंगत्वाच्या करारबद्ध रकमेसाठी विमा किंवा तत्सम हमी सक्तीची केली, तिचा दाखला जहाजावर सर्वांना दिसेल अशा जागी लावायचा असतो, ती रक्कम विनाविलंब द्यायची असते, कमी रकमेवर राजी होण्यासाठी दबाव आणायचा नसतो, आणि अपंगत्वाचे पूर्ण मोजमाप होण्यास वेळ लागत असेल तर मध्यंतरी रक्कम द्यायची असते. मध्यंतरीच्या रकमेचे हे कलम माझ्या समजुतीप्रमाणे सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत कमी वापरले जाणारे आहे.

फिलिपिन्सचा उल्लेख येथे टाळता येत नाही. जगाला सर्वाधिक खलाशी पुरवणाऱ्या देशांत तो अग्रभागी, आणि पहिल्या पाचांत भारतही. तेथे सरकारनेच एक नमुना करारनामा ठरवून दिला आहे; कंपनीच्या डॉक्टराने एकशेवीस दिवसांत, आणि सबळ कारण असल्यास फार तर दोनशेचाळीस दिवसांत, अंतिम निदान दिले पाहिजे, नाही तर अपंगत्व पूर्ण व कायमचे समजले जाते. २००५ आणि २००८ मधील तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांनी या दिवसांची गणना इतकी काटेकोर केली की तेथे खलाशांच्या दाव्यांचा एक स्वतंत्र व्यवसायच उभा राहिला, मालकांनी त्याविरुद्ध ओरड केली, आणि २०२४ च्या सप्टेंबरात झालेल्या नाविकांच्या कायद्यात निकालाची रक्कम अपिलाच्या अंतापर्यंत कशी राखून ठेवायची यावरच मोठा कलह माजला. त्या पद्धतीतील अतिरेक आपण उचलू नये हे खरे. पण मुदत संपली की मौनाचा अर्थ खलाशाच्या बाजूने लावायचा, ही एक गोष्ट तरी आपल्या नियमांत यावयास हवी. आपल्याकडे मौनाचा फायदा ज्याच्याकडे कागद असतो त्याला मिळतो. एकाच जहाजावर, एकाच विंचपाशी, एकाच क्षणी मनिलाचा आणि मुलुंडचा असे दोघे जखमी झाले, तर एकाचे घड्याळ चालू होते आणि दुसऱ्याचे होत नाही.

आजारांचे प्रकरण इजेहूनही बिकट आहे. कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यावसायिक रोगांची यादी आहे, तीत गोंगाटामुळे येणारे बहिरेपणही आहे. पण यादीच्या ज्या भागात ते येते, त्यातील रोग नोकरीमुळे झाला असे गृहीत धरण्यासाठी एकाच मालकाकडे सलग सहा महिने नोकरी झालेली लागते. चार महिन्यांच्या करारावर जाणारा इंजिनिअर, दर वेळी नव्या मालकाचा, वीस वर्षे इंजिनरूममध्ये काढूनही या गृहीतकाच्या उंबरठ्याबाहेरच राहतो. मानसिक आजारांचा तर अजून विचारही नीट सुरू झालेला नाही. मुलुंड, कांदिवली, अंधेरी येथे कामगार विमा योजनेची रुग्णालये आहेत, परंतु १९४८ च्या कायद्याने ती कारखान्यांना डोळ्यांपुढे ठेवून बांधली. दारावरून जाणाऱ्या खलाशाचा त्यांत हक्क नाही.

मस्जिद बंदरानजीकच्या इंडियन सेलर्स होममध्ये दोन्ही महायुद्धांत मेलेल्या हिंदी नाविकांचे स्मारक आहे. त्या युद्धांत जायबंदी होऊन कोकणातल्या गावी परतलेल्यांची यादी मात्र कोठेही लावलेली नाही, आणि त्यांच्या वंशजांच्या बाबतीतही आपली नोंद ठेवण्याची सवय फारशी सुधारली आहे असे म्हणवत नाही.

अखेरीस तडजोडीविषयी. बहुसंख्य वाद निकालापर्यंत जात नाहीत. एजंटाच्या कचेरीत एक फारखत पुढे केली जाते, तीत रक्कम असते आणि 'यापुढे कोणताही दावा राहणार नाही' असे वाक्य असते. बिनपगारी महिने काढलेल्या घराला ती रक्कम मोठी वाटते. हक्क सोडून देण्याचा असा करार कायद्याने रद्दबातल आहे, आणि भरपाईच्या एकरकमी तडजोडीची कमिशनरांपुढे नोंदणी करावी लागते. रक्कम अपुरी वाटली किंवा दबाव दिसला तर ते नोंदणी नाकारू शकतात. ही तरतूद वाचलेला खलाशी विरळा, आणि वाचून एजंटाला सांगणारा त्याहून विरळा.

पुढील प्रकरणांची रचना या साऱ्या अनुभवातून झालेली आहे, म्हणून त्यांत न्यायालयीन निर्णयांपेक्षा जहाजावरील पहिल्या चोवीस तासांना अधिक पाने दिलेली आढळतील. इजा झाल्याबरोबर, ती किरकोळ वाटली तरी, लॉगबुकात नोंद करवून घेणे. नोंदीची, अपघात-अहवालाची आणि परदेशातील डॉक्टरच्या कागदाची प्रत मागणे. प्रत नाकारली तर फोनवर छायाचित्र घेणे. सोबत्यांची नावे व घरचे पत्ते लिहून ठेवणे. विम्याचा जो दाखला भिंतीवर लावलेला असतो त्यावरील विमाकाराचे नाव टिपणे. कराराची व सामूहिक कराराची पूर्ण प्रत घरी ठेवूनच निघणे. आणि १९२३ च्या कायद्याने अर्जासाठी जी दोन वर्षांची मुदत दिली होती, तिलाच आपली शेवटची मुदत समजून, उपचार चालू असले तरी तिच्या आत अर्ज गुदरणे, या गोष्टींत कायद्याचे पांडित्य कोठेही लागत नाही. मात्र त्या जखमी माणसाला त्या क्षणी सुचत नाहीत, आणि घरच्यांना त्या करता येत नाहीत. सबब ज्यांच्या घरातील कोणी जहाजावर जातो त्यांना एवढीच विनंती आहे, की त्यांनी ही पाने तो सुट्टीवर घरी असताना, त्याला शेजारी बसवून वाचावीत, आणि पुढच्या 'साइन ऑन'पूर्वी त्याच्या कागदांची एक प्रत आपल्या कपाटात ठेवून घ्यावी.